उलटं न फिरणारं रीळ

आपोआप चालणाऱ्या वस्तूंवर इतका अविश्वास बाळगणारा गृहस्थ सबंध मीरा रोडमध्ये दुसरा सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टचं बटण दाबतात आणि मजला येईपर्यंत बोट उचलत नाहीत. बोट उचललं तर आपण कुठे निघालोय हेच लिफ्ट विसरेल, अशी त्यांना धास्ती. घरी कपड्यांचं मशीन लागलं की समोर स्टूल टाकून बसतात. "हे राखण करतात म्हणून धुतले जातात हो कपडे," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

फक्त रविवारी ते सुखात असायचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून वरसाव्याच्या खाडीवर गळ टाकायला जायचे, सोबतीला मी. त्यांच्या गळाच्या रॉडवर जुनं, दोरा गुंडाळायचं रीळ होतं, त्याच्या पोटाखाली एक खटका होता. तो सरकवला की हँडल उलटंही फिरायचं. मासा ओढू लागला की काका ते उलटं फिरवून दोरा सोडायचे, दमला की सुलटं फिरवून जवळ आणायचे. "या, सावकाश या," असं माशालाही अहोजाहो चालायचं.

गेल्या वर्षी ते रीळ झिजलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, अभी उल्टा घूमनेवाला नहीं आता. ड्रॅग सेट करो, मछली खींचेगी तो लाइन अपने आप छूटेगी." अपने आप! काकांचा चेहराच पडला. नवं रीळ घेतलं, पण त्याचा ड्रॅग, म्हणजे दोरा धरून ठेवणारा ब्रेक, गच्च आवळून टाकला. पहिलाच मोठा मासा लागला तेव्हा सवयीने हँडल उलटं फिरवायला गेले. ते जागचं हललं नाही आणि दोरा तुटला. काकांनी रॉड माळ्यावर टाकला तो टाकलाच.

मग एका रविवारी काकू खाली आल्या. "अरे, हे नुसते मशीनसमोर बसून असतात रे. आज तर मशीन बंदच होतं."

मला राहवलं नाही. मी रॉड काढायला लावला आणि गच्चीवर स्वतः मासा झालो. दोऱ्याचं टोक मनगटाला बांधून पाण्याच्या टाकीभोवती पळत सुटलो.

"काका, ड्रॅग सैल करा! हँडलला हात लावू नका!"

"अरे, पण तू जाशील ना!"

"जाऊ द्या! दमलो की येतोय परत!"

वॉचमन वर येऊन बघून गेला.

पुढच्या रविवारी खाडीवर जिताडा मासा गळाला लागला. रीळ कर्रर्र करत दोरा सोडू लागलं. काकांचा हात हँडलकडे गेला, आणि मग त्यांनी तो चक्क खिशात घातला. बराच वेळ तसेच उभे राहिले. जिताडा दमला तेव्हाच हात बाहेर आला.

एवढा मोठा मासा त्यांनी कधीच काढला नव्हता. परतताना मात्र ते आपला तळहात उलटासुलटा करून बघत होते. "माझ्या हाताला काही कामच उरलं नाही रे," एवढंच म्हणाले. लिफ्टमध्ये शिरलो. काकांनी बटण दाबलं आणि बोट काढून घेतलं.

मी हळूच पुढे झालो आणि मजला येईपर्यंत त्या बटणावर बोट ठेवून उभा राहिलो.