गवई गुरुजींनी सांगितलं होतं

गवई गुरुजी कैद्याला त्याचा गुन्हा कधीच विचारत नसत. "आज कोणाशी बोलला रे?" एवढंच विचारत. वऱ्हाडातल्या एका तुरुंगात ते कैद्यांना लिहायवाचायला शिकवत आणि मी तिथे कारकून होतो. साठ सालानंतरची गोष्ट. "जे पोरगं भांडते, त्याचं भेव नाही," ते म्हणत. "जे गप होते, त्याच्याकडे पाहा."

दिनकर असाच गप्प झाला. अकोल्याच्या जठारपेठेतला कॉलेजचा मुलगा, मोर्चात दगड मारला म्हणून आत आलेला. आला तेव्हा गुरुजींच्या हाताखाली शिकवायचा, सगळ्या वर्गाला हसवायचा. त्याच्या बराकीत एक जुना कैदी होता. रक्त सांडल्याशिवाय काही बदलत नाही, आईबाप म्हणजे पायातल्या बेड्या, असं तो पोरांना रोज पढवायचा. एका रविवारी दिनकरची आई भाकरी बांधून भेटीला आली आणि दिनकरने भेटायला नकार दिला.

गुरुजी तडक जेलरसाहेबांकडे गेले. मी तिथेच होतो. "सायेब, त्याले त्या बराकीतून हलवा. पण शिक्षा नका देऊ. माह्यापाशी द्या, मी बोलतो त्याच्याशी."

साहेबांनी दिनकरला एकान्त कोठडीत टाकलं. वर, कोणी सांगितलं तेही त्याला ऐकवलं.

गुरुजी रोज दुपारी कोठडीच्या दाराशी जाऊन बसत. आतून शिवी येई, "चुगलखोर!"

"हो, मीच सांगितलं. पुन्यांदा सांगीन. तुह्या मायले तू जिता पाह्यजे."

पुढे शिव्या थांबल्या, पण उत्तर कधी आलं नाही. सुटला त्या दिवशी आई फाटकाबाहेर उभी होती. तो तिच्या शेजारून निघून गेला, त्या जुन्या कैद्याच्या माणसांकडे. थोड्याच दिवसांत धामणगावला एका खोलीत तो बनवत असलेला बॉम्ब हातातच फुटला आणि दिनकर गेला.

आम्ही दोघं त्याच्या आईला भेटायला गेलो. ती म्हणाली, "गुरुजी, तुमाले तर समजलं होतं ना? मंग कोणाले सांगितलं काहून नाही?"

"सायेबाले सांगितलं होतं, माय." उपरणं तोंडाला लावून ते रडायला लागले.

तिने उठून पाण्याचा गडू पुढे ठेवला. "मंग तुमी काहून रडता? ज्यानं आयकलं नाही, थो आला काय?"

त्यानंतरही कोणी पोरगं गप्प झालं की गुरुजी साहेबांना सांगत राहिले. पण आता सांगून परत येत नसत, पोराला हलवेपर्यंत साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहत. एका दुपारी त्याच बाकावर बसल्या बसल्या ते गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय.