देणगी न मागणारा

अचलपूरजवळच्या आमच्या गावात कॉलेज काढायचं ठरलं. मी अमरावतीत शिकवतो, म्हणून मंडळाचा सचिव झालो. भाजीच्या अडतीवर बसणारा माझा एक शाळासोबती नुसता सभासद. देणग्या गोळा करायला आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघायचो. तो मागे बसायचा.

मी छापील पत्रक काढून शिक्षणाचं महत्त्व सांगायचो. लोक चहा पाजून वाटेला लावायचे. तो मात्र चपला काढून मांडी ठोकून बसायचा, बशीत चहा ओतायचा आणि "कावून जी, यंदा कपाशी पिवळी पडून राहिली?" एवढं विचारून गप्प व्हायचा. आम्ही उठलो की घरमालक आपणहून त्याला म्हणायचा, "कॉलेजचं काय ते सांगा." पावत्या मी फाडायचो, आणि दर पावतीला माझा जळफळाट व्हायचा.

रस्त्यालगतचं आमचं वावर कॉलेजला द्या, असं मी बाबांना कितीदा म्हटलं होतं. बाबा माझ्याशी "हो" किंवा "नाही" यापलीकडे बोलत नाहीत. दर वेळी "नाही" आलं. परवा तो एकटाच घरी येऊन गेला, आणि संध्याकाळी बाबा म्हणाले, "दानपत्र कर."

मी चिडलो. "बाबा, मी मांगतलं तवा तुमी नाही म्हटलं. त्याले कसं देलं?"

"त्यानं मांगतलं कुठी? माह्या संत्र्याच्या झाडाइचं आयकत बसला होता, दोन घंटे."

वावर गेल्याचं मला काही नाही. पण दोन घंटे बाबा काय बोलले, हे आता मला त्यालाच विचारावं लागेल.