चपात्या कुणी लाटायच्या?

पुन्हा सांगतो, समाजशास्त्र शिकून पोट भरत न्हाई. शिरूरकर दोस्तांनो, आमची धाकटी बहीण सुनी ऐकतच न्हाई. कम्प्युटरचा कोर्स कर म्हणलं, तर बीए धरून बसली. म्हणून परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मी अडवले होते.

इथं चेन्नईत आम्ही शिक्रापूरकडचे पाच जण एका खोलीत राहतो. हॉटेलात नुसता भात, म्हणून चपात्या खोलीवरच. नियम असा, की नवा येईल त्यानं लाटायच्या. सहा महिने मी लाटल्या. आज मांडवगणचा एक जण आला. लाटणं त्याच्या हातात दिलं आन् खुशीत सुनीला फोन लावून ही बातमी दिली.

ती म्हणाली, "दादा, आमच्या पुस्तकात याकडं बघायच्या तीन तऱ्हा हायेत. पहिली म्हणती, ज्यानं त्यानं आपलं काम केलं की घर चालतं. दुसरी विचारती, राबतंय कोण आन् आयतं खातंय कोण? तिसरी बघती, साध्या लाटण्यावरून तुम्ही नवा-जुना कसा ठरवता."

"पहिलीच बरोबर," मी म्हणालो. "नियम म्हंजी नियम."

"कालपर्यंत तर दुसरी धरून रडत होतास की!"

मी फोन ठेवला. गपचूप जाऊन निम्म्या चपात्या मी लाटल्या.

आता तुम्हीच सांगा, अशा पोरीला थांबवायचं कसं? फॉर्मचे सहाशे पन्नास रुपये उद्याच पाठवतोय.