भट्टीमामूंनी बसवलेला दुसरा गियर

भट्टीमामूंनी मला पहिल्याच दिवशी दुकानातून हाकलून दिलं. तीस वर्षं सरकारी नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली बाई मी; माझ्याशी असं बोलायची डॉक्टरांचीही टाप नव्हती. "कोनं खोललं हे इंजिन? त्याले घेऊन या पहिले. तो नाई आला तं तुमीबी येऊ नका," असं म्हणून त्यांनी नुकतीच उतरवलेली माझी गाडी पुन्हा टेम्पोत चढवायला लावली. टेम्पोवाला हसत होता. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या बोळात कुणालाच याचं नवल वाटलं नाही. हा माणूस सकाळी दुकान उघडतानाच तापलेला असायचा, म्हणून त्याला सगळे भट्टी म्हणायचे. खरं नाव मला पुढे दवाखान्याच्या कागदावर वाचायला मिळालं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

गाडी म्हणजे बुटकी मोटारसायकल. लहान चाकं, जाड टायर, तीन गियर. अशा गाड्या आता निघत नाहीत. तिवस्याजवळच्या एका उपकेंद्रावर असताना मी ती जुनीच विकत घेतली, कारण तिच्यावर बसून माझे दोन्ही पाय जमिनीला टेकायचे. मागे लसींचा डबा बांधून मी अकरा गावं केली. बाई फटफटीवर बसते म्हणून आधी लोक हसले, मग तेच लोक अडलेल्या बाळंतिणीपाशी बसून त्या फटफटीच्या आवाजाकडे कान लावू लागले. शेवटी शेवटी तिचा दुसरा गियर सुटायला लागला. चढावर दुसऱ्यात टाकली की थोडं अंतर जायची, मग खटकन गियर निघायचा आणि इंजिन नुसतंच बोंबलायचं. निवृत्तीनंतर ती मी अमरावतीतल्या एका हौशी गॅरेजवाल्याला दिली. त्याने छिन्नी-हातोडा लावून इंजिन उघडलं, गियर होता तसाच ठेवून ते बंद केलं आणि गाडीला चकचकीत लाल रंग मारला. वर मला म्हणतो, "मॅडम, आता हिच्यासोबत फक्त फोटो काढायचे." फोटो काढायला मी काय वरमाय होते? मला गाडी चालवायची होती.

मामूंनी हाकलल्यावर आठ दिवसांनी मी टेम्पो घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेले. गॅरेजवाल्याला आणलं नव्हतं. त्यांच्या बाकड्यावर बसले आणि म्हटलं, "मी काई इथून हालत नाई. काय करायचं ते करा."

मामूंनी चष्म्यावरून मला पाहिलं. "बसा मंग. तसंबी मालक समोर बसल्याशिवाय मी पेटी खोलत नाई. आपरेशनले घरचं मानूस लागते का नाई?"

ही त्यांची जुनी अट होती. गियरबॉक्सला ते पेटी म्हणायचे आणि मालक समोर नसला तर तिला हात लावायचे नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक कमी, पण जे होतं ते चिवट. कुणी मोबाइलवर बोलायला लागला की ते पाना खाली ठेवून गप्प बसून राहायचे. मी आठवड्यातून दोनदा अमरावतीहून एसटीने यायला लागले, आणि दर खेपेला काही ना काही ऐकून घ्यायला लागले. मी ओढणी सांभाळत नाही, मी उजेड अडवून बसते, मी फार विचारते. मीही ऐकून घेणारी नव्हते. समोरचा लेथवाला म्हणायचा की सोमवार-शुक्रवार त्याला रेडिओ लावावा लागत नाही.

पण लोखंडावर मात्र ते कधी चिडले नाहीत. "लोखंड खोटं बोलत नाई, बाई. खोटं बोलते तो पाना धरनारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरा गियर बाहेर काढून त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. शेजारच्या गियरला धरून ठेवणाऱ्या त्याच्या खुंट्या झिजून, कोपरे जाऊन गोल झाल्या होत्या. "पाहा. याचा काय दोस हाय? कोपराच नाई राह्यला तं धरीन कायनं? आन तुमच्या त्या रंगाऱ्यानं हे पाह्यलंबी नाई!" असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. दुसऱ्याच्या कामचुकारपणाचा इतका राग येणारी माणसं मी नोकरीत दोनच पाहिली होती, त्यातली एक मी.

आता माझा गुन्हा सांगते. पेटीतल्या गियरांच्या मधे पातळ पातळ वायसर, म्हणजे वॉशरच्या चकत्या, असतात. एखादा एका केसाच्या जाडीचा, एखादा दोन केसांच्या. त्यांची अदलाबदल झाली की गियर पुरता आत बसत नाही. म्हणून मामू वायसर काढले त्या क्रमाने तारेत ओवून ठेवायचे. एका शुक्रवारी ते नमाजाला गेले आणि मी एकटीच दुकानात होते. समोर ती काळ्या तेलाने लडबडलेली तार. घाण दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला औषध नाही. मी सगळे वायसर तारेतून काढले, डिझेलने धुतले, स्वच्छ कापडाने कोरडे केले आणि बाळंतपणाची हत्यारं मांडावीत तसे ताटलीत लहान-मोठे लावून ठेवले. शाबासकीची वाट बघत बसले होते.

मामू आले. ताटलीकडे पाहिलं, रिकाम्या तारेकडे पाहिलं.

"बाई, जिंदगीभर तुमी बाळंतपनं केली का भांडे घासले?"

मग जे सुरू झालं ते सगळ्या बोळाने ऐकलं. माझंही डोकं फिरलं. चूक माझी होती म्हणूनच जास्त फिरलं. मी म्हटलं, "बोटानं जाडी समजते म्हनता ना तुमी? मंग वळखा की! कावून गाव गोळा करून राहिले?"

ते स्टुलावर बसले, एक वायसर अंगठा आणि बोटाच्या मधे धरला. "दोन केस," म्हणाले आणि बाजूला ठेवला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. थोड्या वेळाने पहिलाच पुन्हा उचलला आणि म्हणाले, "तीन." मग तोच परत. "एक."

मी नर्स आहे. मी त्यांचा हात धरून उजेडात ओढला. बोटाच्या पेरावर भला मोठा फोड होता. सोमवारी बेरिंग काढायला त्यांनी इंजिनचं कवच शेगडीवर तापवलं होतं आणि उघड्या हाताने धरलं होतं. भाजल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

"साखर कधी तपासली तुमी?"

"गाडी दुरुस्त करायले आल्या का मले?"

"बोटाले समजत नाई ते कधीपासून, मामू?"

त्यांनी उठून शटर अर्धं खाली ओढलं. "हळू बोला," म्हणाले. त्यांना विनवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जाडी मोजायचं यंत्र समोरच्या लेथवाल्याकडे होतं, पण ते मागायची सोय नव्हती. भट्टीला यंत्र लागतं हे एकदा कळलं की दोन दिवसांत अख्ख्या बाजाराला कळलं असतं, आणि मग पेटी खोलायला कोण आलं असतं? चाळीस वर्षांचं नाव त्या दोन बोटांवर उभं होतं.

मी त्यांना चप्पल काढायला लावली. डाव्या अंगठ्याखाली जखम होती, रुपयाएवढी, खोल. वर हळद भरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. मी ओरडले, शटरबिटर विसरून ओरडले. म्हटलं, आज, आत्ता दवाखान्यात चला. ते जागचे हलले नाहीत.

"पेटी बंद होऊ द्या. तुमची गाडी दुसऱ्यात चालली का तुमी म्हनान तिथं येतो. खोललेलं इंजिन टाकून पलंगावर पडलो तं लोक म्हनतीन, भट्टीले नाई जमलं."

मी म्हणाले, "आठ दिवस. त्याच्यावर एक दिवस नाई."

हे मी म्हणाले. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. त्यांच्या अभिमानाची मला कणव आली हे खरं आहे. पण मला माझी गाडी हवी होती, हेही तितकंच खरं आहे. त्या माणसाशिवाय ती कुणाकडून होणार नव्हती, आणि दवाखान्यात गेला तर तो परत दुकानात येईल याची खात्री मला तरी नव्हती.

वायसर मग मी ओळखले. मामू डोळे मिटून शेजारी बसायचे आणि वसकन अंगावर यायचे. "दाबू नका! नाडी पाह्यता तसं धरा. दाबलं का नाडीबी समजत नाई आन हेबी." चार वायसर ओळीने बरोबर निघाले तेव्हा म्हणाले, "तुमी नर्स कावून झाल्या? वाया गेल्या." इतकं कौतुक माझं सरकारने निरोपसमारंभातही केलं नव्हतं.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. गियरच्या खुंट्यांवर वेल्डिंगने धातू भरून, कानशीने घासून पुन्हा कोपरे काढायचे होते. बोटाला समजत नसल्यामुळे एकदा कोपरा जास्त घासला गेला, पुन्हा भरावा लागला. मी दर खेपेला जखम धुवायचे, पट्टी बदलायचे आणि मनाशी म्हणायचे, मागच्या खेपेपेक्षा बरी दिसते. ती बरी दिसत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागला. तो वास कशाचा हे मला ठाऊक होतं. गावोगावच्या म्हाताऱ्यांना त्या वासावरून मी जबरदस्तीने जीपमध्ये घातलं आहे. पेटी बंद करायच्या दिवशी मामूंचं अंग तापलेलं होतं. मी कपाळाला हात लावून पाहिला, आणि तरी शेवटचे सहा नट त्यांना आवळू दिले.

गाडी त्यांनीच चालवून पाहिली. मोर्णा नदीच्या पुलावर गेले, चढावर दुसऱ्यात टाकून परत आले. "लोन्यावानी बसते," म्हणाले. तिथूनच मी त्यांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डावा.

चार दिवसांनी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आल्याचं त्यांना चालीवरून कळलं.

"सुटते का?"

"नाई सुटत."

"मंग तुमचं काम झालं. जा घरी."

मी गेले नाही. पलंगाची कड धरून उभी राहिले आणि म्हणाले, "मामू, मी चुकली. त्याच दिवशी न्यायला पाह्यजे होतं तुमाले." खोटं कशाला बोलू? ते 'जाऊ द्या बाई' म्हणतील, अशी मला आशा होती. आजारी माणसं म्हणतात तसं. पायाचं दुःख त्यांचं, आणि समजूत त्यांनी माझी काढावी, असं मला वाटत होतं.

मामूंनी कूस बदलली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "हो," म्हणाले. "पाह्यजेच होतं. मले समजत नव्हतं, बाई. तुमाले समजत होतं."

पुढच्या उन्हाळ्यात मामू गेले. त्यांच्या मुली मला अजून फोन करतात. तुमच्यामुळे अब्बा निदान दवाखान्यात तरी गेले, म्हणतात. मी दोनदा खरं सांगायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी मधेच रडायला सुरुवात केली. आता मी नुसती ऐकते.

गाडी मी रोज चालवते. बंद ठेवली असती तर मामूंनी मला फाडून खाल्लं असतं. अमरावतीच्या कॅम्पातल्या चढावर ती दुसऱ्यात टाकते. गियर घट्ट बसतो आणि सुटत नाही, आणि मला स्वतःचा इतका संताप येतो की चढ संपून सपाट रस्ता लागला तरी तिसरा टाकायचं माझ्या लक्षात राहत नाही.