उत्तनच्या वाळूतली हाडं

भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकीचं टेबल सांभाळतो. इतक्या वर्षांत माझ्या ज्ञानाची गरज घरात एकदाच पडली, ओट्यासाठी दगड निवडताना, आणि तेव्हाही बायकोने दुकानदाराचंच ऐकलं. त्यामुळे हाड, दगड किंवा गुहा यांतला एक शब्द जरी कुणाच्या तोंडून निघाला तरी मी त्याला सोडत नाही. मी कॅन्टीनमध्ये शिरताना दिसलो की लोक डबे आवरायला घेतात, हे मला ठाऊक आहे.

न आवरणारा एकच. शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र, भाईंदरजवळच्या उत्तन गावचा, कोळी ख्रिस्ती. एकदा त्याच्याच डब्यातली मटणाची नळी हातात धरून मी त्याला आदिम काळातली हाडं गुहांमध्ये कशी टिकली ते समजावत होतो. जनावर गुहेत मरतं, नाहीतर तरस त्याला ओढून आत आणतं. उघड्यावर ऊन-पाऊस आणि कोल्हे हाडांचा फडशा पाडतात. गुहेत त्यांवर गाळ बसतो, हवा लागत नाही. मग छतातून चुन्याचं पाणी ठिबकत राहतं. हाड आतून जाळीदार असतं. त्या भोकाभोकांत पाण्यातले क्षार बसत जातात आणि हजारो वर्षांनी हाडाच्या जागी हाडाच्याच आकाराचा दगड उरतो. "आमच्या भाईंदर पूर्वेला टँकरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसंच," मी म्हणालो. मी स्वतः आयुष्यात एकच गुहा पाहिलेली, तीही शाळेच्या सहलीत आणि छिन्नीने कोरलेली, हे मात्र मी सांगितलं नाही.

त्याने नळी माझ्या हातून परत घेतली. मग हळूच म्हणाला, "आणि गुहा नसेल तर? साध्या जमिनीत, पाच-सहा वर्षांत काय होतं?"

"कुणाचं?"

"आईचं."

त्यांच्या गावच्या दफनभूमीत जागा कमी. म्हणून काही वर्षांनी थडगं उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्यासाठी मोकळी करतात. त्याचे वडील अशाच एका कोनाड्यात होते. आता आईचं थडगं उघडायचं होतं. ती गेली ऐन पावसाळ्यात, खड्ड्यात पाणी साचलं होतं. शेजारच्या डोंगरी गावात दिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने तेव्हापासून एकच ध्यास घेतला होता, आईला बाबाच्या शेजारी ठेवायचं. आणि काही उरलंच नसलं तर, ही तिची धास्ती.

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. पण उथळ पाण्याला खळखळाट फार. मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडची जांभ्याची लाल माती हाडं खाऊन टाकते, हे मी शिकलो होतो. कोकणची माती ती कोकणची माती, असं धरून मी निकाल दिला. "काही उरलं नसणार. बहिणीला सांगून ठेव, उगाच आस नको."

त्याने सांगितलं. हाडं ठेवण्यासाठी आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी तिने शिवायला घेतली होती, ती अर्धवटच ठेवून दिली. दोन दिवस ती धड जेवली नाही. हे कळल्यावर मी गंभीर चेहऱ्याने "सत्य पचायला वेळ लागतो" असं म्हणालो होतो. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

थडगं उघडायच्या सकाळी मी धीर द्यायला गेलो. बहीण फक्त मेणबत्ती घेऊन आली होती. खणणाऱ्याने फावडं मारलं आणि वर आली ती माती नव्हतीच. वाळू होती, शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली. शिंपला म्हणजे चुना, आणि चुन्यात हाडं टिकतात. ज्या चुन्यावर मी कॅन्टीनमध्ये अख्खी जेवणाची सुट्टी खाल्ली होती, तो माझ्या चपलांखाली पसरला होता. शिवाय त्यांच्या वडिलांची हाडं याच वाळूतून निघून समोरच्या भिंतीत बसली होती. त्या दोघांनी माझ्या पदवीवर विश्वास ठेवला म्हणून त्यांना ते सुचलं नाही. माझंही तसंच झालं.

हाडं निघाली. पिवळट, पण शाबूत. बहीण खाली बसली आणि मनगटापाशी वाकडं सांधलेलं एक हाड तिने उचललं.

"आयेचाच हात हाय. बोंबील सुकवताना पडली व्हती."

मग ती रडली, आणि मित्रही. हाडं ठेवायला पिशवी नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती. तिने अंगावरची शाल काढून वाळूवर पसरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, माझं चुकलं. मी उगाच बोललो."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. आय हाय ना." तिने डोळे पुसले. "आता तुमीच नीट लावून द्या, डोक्यापासून पायापर्यंत. तुमी शिकलेले हायत."

आम्हाला शिकवले होते ते दगड, गोगलगायी आणि एका हत्तीची दाढ. "मला नाही येत," मी म्हणालो. या विषयावरचं माझं हे पहिलं खरं वाक्य. मग तिनेच एकेक हाड तळहाताने पुसून शालीवर मांडलं. कुठेही घाई नाही, किळस नाही. लहान मुलाला आंघोळीनंतर पुसावं तशी ती पुसत होती.

मांडता मांडता तिने विचारलं, "तुमचे वडील?"

"गेले. चार वर्षं झाली. अस्थी खाडीत सोडल्या."

"वेचल्या कोनी? तुमीच ना?"

"हो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी स्मशानात मी धाकट्या भावाला पुढे केलं होतं, आणि त्याचं वेचून होईपर्यंत फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होतो.