कार्ल्यातला अर्धा प्रयोग

श्रावणात एका मंगळवारी माझी पत्नी शुभा वारली. दिवाळीनंतर मी पुण्याहून मळवलीला निघालो.

शुभा वनस्पतिशास्त्र शिकवत असे. तिने एकाच भाताची रोपं दोन ठिकाणी लावली होती. काही पुण्यात, काचेच्या खोलीत, जिथे ऊब आणि ओल यंत्र ठरवतं. काही कार्ल्याच्या एका शेतात, जिथे कोणीच काही ठरवत नाही. दोन्हीकडची रोपं सारखीच वाढतात का, हे तिला पाहायचं होतं. खोलीतला भात तिच्या सहकारी बाईंनी मोजला होता. शेतातला मोजल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. माझा विषय इतिहास. मोजपट्टी मी विकत घेतली.

मळवलीला रिक्षावाल्याने विचारलं, "देवीला का लेण्याला?"

"भात बघायला."

"नुसता बघायला? खा की काका! आमच्या मेव्हण्याकडं चुलीवरचा हाय."

त्याने मेव्हण्याच्या हॉटेलपाशी उतरवलं. मी पिठलं-भात खाल्ला. चांगला होता. शेत तिथून जवळच निघालं.

शुभाने बांधलेली पांढरी दोरी जागेवर होती. दोरीच्या आत धसकटं होती.

शेताच्या मालकीण सखूबाई बांधावरून आल्या. "या भाऊ. म्याडम गेल्याचं कळलं. मानूस गेलेल्या घराचं पीक आमी उभं ठिवत न्हाई. समद्यांनी इर्जिक घातली." इर्जिक म्हणजे गावाने मिळून, मजुरी न घेता केलेलं काम.

"येवढुसा तुकडा," त्यांचे यजमान म्हणाले. "इळं लय आन् भात थोडा."

"पेंढा?"

"गाईनं खाल्ला की."

सखूबाईंनी तांदळाची पिशवी हातात दिली. मी आभार मानले. ते खरे होते.

बांधावरून सहकारी बाईंना फोन केला. कापणी झाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुळं तरी आहेत का?"

मी फावडं मागितलं.

"आता मुळं बी खानार?" यजमानांनी विचारलं आणि स्वतःच उकरायला घेतलं. सखूबाईंनी ती ओढ्यावर धुऊन दिली.

परतीच्या गाडीत शेजाऱ्याने मुळांच्या ओल्या पिशवीपासून पाय दूर घेतले. माणूस गेल्यावर त्याचं काम पुरं करायचं, हे मीही ठरवलं होतं आणि गावानेही. गाव आधी पोचलं.

शेतातल्या भाताची उंची आता कळणार नाही. मुळं प्रयोगशाळेत वाळत ठेवली आहेत.