आईच्या हातची विडी

काल विडी कामगार बायका निवेदन घेऊन आल्या होत्या. एकीच्या पिशवीतून ओल्या पानांचा तुरट वास आला आणि हातातला कागद मला पुढे वाचवेना. आमदारकी गेली, गुडघेही गेले, तरी बायका येतात.

स्वातंत्र्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते. वळलेल्या विड्या घेऊन आई आणि मी केडगावहून नगरच्या कारखान्यात चालत जायचो. विडीची पानं आधी ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करावी लागतात. एके दिवशी खेळायला पळायच्या घाईत मी कोरडीच पानं वळली आणि तडकलेल्या विड्या आईच्या जुडीत गुपचूप खुपसून दिल्या.

कारखान्यातल्या तपासनिसाने जुडी सोडली आणि एक विडी चिमटीत दाबली. ती फुटली. त्याने अख्खी जुडी चुरगाळून टाकली.

"या कुनाच्या हातच्या गं?"

आईच्या विडीला तोवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माज्याच हायत, दादा. आता डोळ्यांनी नीट दिसत न्हाई."

रांगेतल्या बायका वळून आईकडे पाहू लागल्या.  परतताना ऊन फार होतं म्हणून विड्यांची रिकामी टोपली आईने माझ्या डोक्यावर पालथी घातली.

"ताई, आमच्यासाठी तुमच्याएवढं कुनी बोललं न्हाई," काल त्या बायका म्हणाल्या.  विधानसभेत मी वीस वर्षं बोलले. त्या रांगेत ‘माझ्या आहेत’ एवढंच बोलायचं होतं.